कचरूमामांचा मॅक

कॉम्प्युटरचा पंखा विकत घेताना कचरूमामा तो कानाशी धरून ऐकायचे. जालन्याच्या दुकानदाराला तो बॅटरीवर चालवून दाखवायला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. चार-चार पंखे परत करायचे. दुकानदार वैतागायचा. खरं सांगतो, अंबडहून त्यांच्यासोबत आलेला मीही वैतागायचो.

मामांचा अंबडला लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता आणि मी तिथे एडिटिंग करायचो. एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि त्यांचा जुना मॅक कॉम्प्युटर कायमचा गेला. डिस्क तेवढी वाचली. तिच्यात शांतामामींचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं, त्या गेल्या त्याच्या महिनाभर आधी मामांनी केलेलं. ती फाईल मॅकशिवाय कशातच उघडेना. नवा मॅक परवडणारा नव्हता. म्हणून मामांनी ठरवलं, सुटे भाग घेऊन पीसी बांधायचा आणि त्याच्यावर मॅकची सिस्टिम चालवायची.

पण ती सिस्टिम वाटेल त्या भागाला जवळ करत नाही. कोणता मदरबोर्ड चालतो, कोणतं वायफाय कार्ड ओळखलं जातं, हे मामांनी नेटवर शोधून शंभर पानी वहीत उतरवून काढलं. दुकानात भिंग घेऊन कार्डावरचा नंबर स्वतः वाचायचे. "खोकं काय बी बोलंल. नंबर बराबर पाह्यजे," म्हणायचे.

एकदा मी शहाणपणा केला. त्यांना न विचारता संभाजीनगरहून नवंकोरं, भारीतलं ग्राफिक्स कार्ड घेऊन आलो. मामांनी नंबर वाचला, वही पाहिली आणि कार्ड हळूच खोक्यात ठेवलं.

"लई भारी हाय. पर मॅक ह्याला वळखतच न्हाई. मंग काय करतो भारीला?" खोकं माझ्याकडे सरकवत म्हणाले, "मला गेम न्हाई खेळायचा रे. तिला ऐकायचंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी वहीतलंच जुनं कार्ड शोधून आणलं.

मे महिन्यात एका दुपारी मशीन चालू झालं, फाईल उघडली. खुर्चीवर बसलेल्या मामी पदर सारखा करत म्हणाल्या, "आधी पंखा बंद करा ना. त्याचा आवाज येऊन राह्यला." मामा उठले, त्यांनी छताचा पंखा बंद केला आणि पडद्याकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "केला, केला. बोल तू." दुकानात ते पंखे का ऐकत होते ते मला तेव्हा कळलं. पुढे रोज दुपारी हेच चालायचं.

यंदा मामाही गेले. स्टुडिओ आता मी चालवतो. मशीनवर नवी सिस्टिम टाका अशी सूचना सारखी येते. टाकली तर सगळंच बंद पडायची भीती, म्हणून मी 'नंतर'वर क्लिक करतो.

परवा दुपारी एकट्यानेच ती फाईल लावली. मामी म्हणाल्या, "आधी पंखा बंद करा ना." माझा हात आपोआप बटणाकडे गेला. पंखा थांबला. तेवढ्यात स्पीकरमधून, कॅमेऱ्यामागून, मामांचा आवाज आला, "केला, केला. बोल तू."

इतके दिवस मामा रेकॉर्डिंगमधल्या आपल्याच आवाजावर बोलत होते, म्हणून तो मला कधी ऐकूच आला नव्हता. मामी बोलू लागल्या. मी घामाने निथळत शेवटपर्यंत ऐकत बसलो, पंखा लावायची माझी हिंमत झाली नाही.