दिराचा फॉक्स टेरियर आणि आमची जाळी

तो कुत्रा मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. मुक्या जिवाचा एवढा काय राग, असं कोणी म्हणेल. म्हणू दे! त्यांच्या घरात नव्हता ना आला.

धाकटा दीर मुंबईहून त्याला घेऊन आला. कुत्रा आला तोच भुंकत. उंची गुडघ्याएवढीही नाही, अंग पांढरंफटक, एका डोळ्यावर तांबूस डाग, कान अर्धे मुडपलेले आणि शेपटीच्या जागी नुसता खुंट. रुबाब मात्र फौजदाराचा. आल्या आल्या त्याने माझी अबोली उकरली आणि कोंबड्या पार माडांपलीकडे पिटाळल्या.

"वहिनी, त्याला ओरडू नका. फॉक्स टेरियर आहे, अस्सल जात," दीर म्हणाला आणि त्याचं कुळपुराण सांगायला बसला. म्हणे विलायतेत लोक घोड्यावरून कोल्ह्याच्या शिकारीला जायचे. कोल्हा बिळात शिरला, की हा आत घुसून त्याला हुसकून काढायचा. म्हणून छाती अरुंद, जबडा लांब. धुंदीत कोल्हा समजून कोणी त्यालाच मारू नये म्हणून रंग पांढरा. आणि एकदा मागे लागला की सोडायचं नाही, हा स्वभाव. "उंदीर तर एक ठेवणार नाही!"

आमच्याकडे कोल्हे कुठले? उंदीर मात्र होते. पावसाळ्यात होडी वर ओढली, की जाळी मागच्या खोपीत वाशाला टांगतात. कितीही धुवा, माशाचा वास जात नाही आणि त्या वासावर उंदीर येतात. नवऱ्याने सगळा पावसाळा पाठ मोडेस्तोवर बसून ती जाळी सांधली होती. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी होडी लोटायची. घरात मासळीचा पैसा आला नव्हता, त्या पहिल्या खेपेकडेच आम्ही डोळे लावून बसलो होतो.

पौर्णिमेच्या सकाळी जाळी खाली काढून रचली आणि आम्ही दोघं नारळ-हार आणायला बाजारात गेलो. इकडे दिराने अक्कल पाजळली. उंदीर लागू नयेत म्हणून कुत्र्याला खोपीत सोडलं आणि बाहेरून कडी घातली.

उंदीर जाळ्याच्या घडीत शिरला होता. मग हा कशाला थांबतोय? आम्ही दार उघडलं तेव्हा नायलॉनच्या चिंध्यांत पाय अडकलेला तो उभा होता, तोंडात मेलेला उंदीर.

"बघा वहिनी, मारला की नाही?" दीर म्हणाला.

"जळलं मेलं तुमचं ते टेरियर!" मी ओरडले. "उंदीर वर्षभरात खाणार नाहीत एवढं जाळं याने फाडलं! डोळे फुटले काय तुमचे, भावजी?" दीर माझ्यावरच उखडला. नवऱ्याने सुई-दोरा घेतला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या होड्या गेल्या. इंजिनांचा आवाज खोपीत येत होता आणि नवरा मान खाली घालून सांधत होता. दीर दारात आला.

"जातच तशी आहे दादा, त्याला काय कळतंय? मी शिकवतो त्याला."

"त्याला उंदीर दिसला, त्याने मारला," नवरा म्हणाला. "त्याला जाळं काय ठाऊक? तू कोळ्याच्या पोटी जन्मलास. कुत्रा राहू दे हवं तर. तू आजच्या गाडीने जा."

मी आत गेले आणि दिराची बॅग आणून पडवीत ठेवली.