अल्बममधली शिट्टी

“कुटली शिट्टी, ताई?” इरफाननं पुन्हा विचारलं.

त्याच्या अल्बमचं मास्टरिंग माझ्याकडे होतं. मास्टरिंग म्हणजे तयार गाणी बाहेर पडण्याआधी त्यांच्या आवाजावरून फिरवायचा शेवटचा हात. सोलापुरात नवी पेठेच्या मागे माझा छोटा स्टुडिओ आहे. इरफान मोहोळचा. आजवर त्यानं दुसऱ्यांच्या गाण्यांना म्युझिक केलं होतं. स्वतःच्या नावावरचा हा पहिलाच अल्बम. सगळं इलेक्ट्रॉनिक, तरी मऊ, उबदार. डोळे मिटून पडून राहावं असं. पण प्रत्येक ट्रॅकवर एक बारीक, टोकदार शिट्टी होती. ऐकताना दात शिवशिवायचे.

मला वाटलं, मुद्दाम ठेवली असेल. हल्ली ठेवतात. म्हणून त्यालाच बोलावून घेतलं.

“माज्या हेडफोनवर लई साफ हाय की. तुमचे स्पीकर बगा एकदा.”

मी स्पीकर बदलले. वायरी बदलल्या. शिट्टी तशीच. मग बाकीचं म्युझिक काढून टाकून नुसती शिट्टी ठेवली, आवाज चढवला आणि प्ले केलं. लगेच दोन्ही कान दाबून धरले.

इरफान शांत बसून माझ्याकडे बघत होता.

“लावा की,” तो म्हणाला.

मी बंद केलं.

“लावलं होतं, इरफान.”

तो हसला. मग माझं तोंड बघून थांबला. “परत लावा.”

परत लावलं. तो उठून स्पीकरला कान टेकवायला गेला. मी ओरडून त्याला मागं खेचलं.

“काईच न्हाय, ताई,” तो म्हणाला.

मिरवणुकांत डीजेच्या भिंतीपुढं उभं राहून त्यानं कॉलेजपासून पोट भरलं होतं. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे कान तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, मीच त्याला घेऊन गेले. वरचे बारीक सूर दोन्ही कानांतून गेले होते. परत येणार नव्हते.

बाहेर येऊन तो जिन्यातच बसला.

“ताई, सकाळी पाखरं वरडत्यात का अजून? मला वाटलं, पाखरंच कमी झाली.”

मी होकारार्थी मान हलवली.

शिट्टी त्याच्या सिंथच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या, स्वस्तातल्या अडॅप्टरची निघाली. तेवढाच सूर मी सगळ्या ट्रॅकमधून कापला. अल्बम आला. लोकांना आवडला. मिरवणुकीची कामं इरफाननं सोडली.

त्याच आठवड्यात मी माझेही कान तपासून घेतले. आता नवीन क्लायंट आला की गाण्यांच्या फाइलआधी कानाचा रिपोर्ट मागते. काही जण चिडून दुसरीकडे जातात. जाऊ देत.