निलेशचं गॉथिक नाव

मंडळी, दुपारपासून हात कामाला लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

पनवेलमधल्या माझ्या फ्लेक्सच्या दुकानात निलेश जुनं गिऱ्हाईक. गाडीची काच, टीमचे टी-शर्ट, वाढदिवसाचे बॅनर, सगळीकडे त्याला नाव इंग्रजीत आणि गॉथिक फॉन्टमध्येच हवं असायचं. जाड काळे उभे दांडे, भाल्यासारखी टोकं, अक्षराला अक्षर चिकटलेलं. मलाही ते करायला जाम आवडायचं.

परवा निलेश अपघातात गेला. आज त्याचे मित्र श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला आले, सोबत त्याचे वडील. मित्र म्हणाले, "ताई, नाव त्याच्याच स्टाइलमध्ये टाका. भावाची ओळख होती ती."

मी टाकलं. वडील स्क्रीनजवळ येऊन बघत राहिले.

"ही तर त्याच्या गाडीवरची नक्षी."

"काका, नक्षी नाही. निलेशचं नाव आहे ते."

"याच्यात नाव हाय? रोज काच पुसायचो मी. मना वाटायचं, नक्षी हाय."

मी म्हटलं, मराठीत साधं टाकते. त्यांनी मित्रांकडे बघितलं. "नको. पोरांना आवडतं तर राव दे. मी फोटो बगीन."

काका घरी गेल्यापासून मी गॉथिकखाली मराठी नाव टाकतेय, काढतेय, पुन्हा टाकतेय. मित्र म्हणतात, भावाला हे आवडलं नसतं. तेही खरंच आहे.

पोरं बाहेर बाइकवर खोळंबलीत. फ्लेक्स लागणार काकांच्या दारासमोर. तुम्ही कुठली फाइल मशीनला सोडली असती?