डवली किती खोल घालायची

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. देवळात गाऱ्हाणं घालतानासुद्धा देवापुढे काढलं नाही. आणि देवापुढे तर मी गुडघेदुखीसुद्धा काढते. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. तोंडाशी आलंय, एवढंच.

आचऱ्याजवळच्या आमच्या घरात सकाळी पेज असायची. पेज तुम्हाला ठाऊक असेलच – भात भरपूर पाण्यात शिजवायचा, मीठ घालायचं, सोबत एखादा सुका बांगडा नाहीतर खारातली कैरी. पावसाळ्यात कणगी तळाला गेली की तांदूळ तेवढाच राहायचा आणि पाणी वाढायचं. मग शितं टोपाच्या तळाशी, वर नुसती निवळ. करवंटीला दांडा लावलेली डवली आमच्याकडे पळीच्या जागी असे. ती किती खोल घालायची, यावर कोणाच्या पोटात काय जाणार ते ठरायचं.

डवली माझ्या हातात होती. मी थोरली सून. राबणाऱ्या पुरुषांना तळातलं, बायकांना उरेल ते – हा रिवाज सासूबाईंनी शिकवला, त्यांना त्यांच्या सासूने. पण थांबा, रिवाजावर ढकलून मी मोकळी होणार नाही. माझी दोन मुलं काही नांगर धरत नव्हती. त्यांच्या ताटल्यांतही मी तळातलंच घालत होते. नवरा मुंबईला गिरणीत, माझ्या मुलांकडे मी नाही बघायचं तर कोणी? मग राहिली कोण? सासूबाई, मी आणि जानकी. सासूबाईंना वरचं कसं वाढणार? आणि स्वतःला – खरं सांगते – स्वतःलाही मी थोडी शितं ओढून घेत होते.

जानकी माझी धाकटी जाऊ. दिराचं जेवण बाहेरच्या पडवीत व्हायचं, त्यामुळे बायकोच्या पुढ्यात काय येतं ते त्याने कधी पाहिलं नाही. ती वाडगा तोंडाला लावायची आणि पिऊन टाकायची. चावायचं काही नसायचंच. तशीच भाताच्या लावणीला जायची. पोटात मूल होतं तरीही.

त्या आषाढात ती चिखलातच कोसळली. मी तिला घेऊन मालवणला डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर फटकळ माणूस. गरोदर सुनेला उपाशी ठेवली म्हणून आमच्याच वाडीतल्या एका सासूला त्यांनी बोलावून झाडली होती, आणि त्या घरात दुसऱ्या दिवसापासून सुनेला दूध सुरू झालं होतं. आमच्या सासूबाई त्यांना टरकून असायच्या. हे सगळं मला माहीत होतं. नीट लक्षात ठेवा, माहीत होतं.

त्यांनी जानकीची पापणी खाली ओढून पाहिली. म्हणाले, अंगात रक्त नाही. मग तिलाच विचारलं, "घरी काय जेवतेस?"

ती जमिनीकडे बघत राहिली. चौथीपर्यंत शिकलेली मी, दवाखान्यातली भाषा मला यायची. मी म्हटलं, "आम्ही सगळी जेवतो तेच."

किती सोपं होतं ते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चांगली भरलेली होते. म्हणाले, मग प्रकृतीच नाजूक असणार. लाल औषधाची बाटली दिली, विश्रांती घे म्हणाले. लावणीच्या दिवसांत विश्रांती!

परतीच्या वाटेवर जानकी माझ्या खांद्याचा आधार घेऊन चालत होती. म्हणाली, "बरा सांगलात वयनी. घराची अब्रू रवली."

ती टोमणा मारत नव्हती. तिला येतच नव्हता मारता. टोमणा असता तर मी उलट बोलून सुटले असते.

त्यानंतर थोडे दिवस मी डवली खोल घातली. मग माझा धाकटा तापाने पडला, आणि हात पुन्हा जुन्या सवयीवर गेला. दिवस भरायच्या आत जानकी बाळंत झाली. मूल रडलंच नाही. पुढे तिला मूल झालं नाही.

तिची आई शिरोड्याहून आली. सोबत लेकीसाठी नारळ आणि डिंकाचे लाडू. तिने मला विचारलं, काय झालं गो? आणि मी म्हटलं, "तुमचा चेडू मुळातच अशक्त." त्या म्हातारीने माझ्यासमोर हात जोडले. आमचीच चूक झाली म्हणाली, आधी सांगायला हवं होतं. मी ते हात खाली घेतले नाहीत. लाडूही ठेवून घेतले.

जानकीने माझी मुलं वाढवली. सासूबाई गेल्यावर मी दुखण्याने पडले, तेव्हा डवली तिच्या हातात गेली. ती मला तळातलं वाढायची. मी खायची.

ती माझ्या आधी गेली, वय नसताना. अंगणात जमलेली माणसं म्हणत होती, बिचारीची प्रकृतीच नाजूक. मीही मान हलवली.

लग्नानंतर पहिल्याच सकाळी ती विहिरीवर गेली होती. आमची विहीर खाली, घर वर. डोक्यावर भरलेला हंडा आणि काखेत कळशी घेऊन ती घाटी चढून आली, आणि हसत विचारलं, "वयनी, आणखी पाणी हाडू?" तिला धापसुद्धा लागली नव्हती. मी दारातच उभी होते.