पेन्सिलची खूण

देवयानी लोगो करून द्यायची, आणि लोगोंच्या पुस्तकांचं तिला वेडच होतं. नवरा हवाई दलात, दर तीन वर्षांनी बदली ठरलेली; मागे काहीही राहो, ती जाडजूड पुस्तकं काळ्या ट्रंकांत भरून बरोबर यायचीच. स्क्रीनवरचं डोळ्यांपुढून सरकून जातं, कागदावरचं आत मुरतं, असं ती ठासून सांगायची. आवडलेल्या लोगोशेजारी ती पेन्सिलने बारीक खूण करायची.

चंदीगडचं क्वार्टर लहान निघालं, म्हणून तीन ट्रंका बंदच राहिल्या. काही अडलं नाही. उलट इथे तिचा हात असा काही चालू लागला, की तिलाच नवल वाटे. सेक्टर ३४ मधल्या एका कोचिंग क्लाससाठी तिने लोगो म्हणून दुमडलेल्या कागदाचा पक्षी काढला, तोही एका बैठकीत, खाडाखोड न करता.

क्लासचे मालक बराच वेळ बघत राहिले. "मॅडमजी, ये तो पहले से देखा-सा लगता है."

तिने ती शाबासकी समजली. महिन्याभरात पक्षी गावभरच्या फलकांवर जाऊन बसला.

थंडी पडल्यावर रजया काढायला तिने पहिली ट्रंक उघडली. रजयांखालचं पुस्तक हातात घेतलं, तर ते आपसूक एका पानावर उघडलं. तोच पक्षी. शेजारी तिच्याच हातची खूण.

देवयानी फरशीवर बसली. या शहरात केलेले बाकीचे अकरा लोगो तिला एकेक करून आठवू लागले. सगळेच किती सहज सुचले होते.

आणि दोन ट्रंका अजून उघडायच्या होत्या.