दुमडलेले पाय

"अहो, याचे दोन पाय गेलेत बघा," खिडकीच्या काचेवरच्या फुलपाखराकडे बघत ही म्हणाली, "माझ्या हातासारखे." लकवा मारल्यापासून हिचा उजवा हात छातीशीच असतो.

पाय गेलेले नव्हते. कुंचलपाद कुळातली फुलपाखरं चार पायांवरच उभी राहतात. पुढचे दोन आखूड, कुंचल्यासारखे केसाळ पाय छातीशी दुमडून ठेवतात. पण अंडी घालण्याआधी मादी त्याच पायांनी पान चाचपून बघते, पिल्लांना मानवेल ना म्हणून. मी हे सांगितलं.

संध्याकाळी सून ज्वारीचं पीठ मळत होती. हिनं तो दुमडलेला हात डाव्या हातानं उचलून परातीतल्या पिठावर टेकवला.

"अजून जरा मळ गं. भाकरीच्या कडा फाटतील."