विश्राम गुरवाचं मत

ठाण्यातल्या एका आळीत देवीचा गुरव होता, विश्राम. अंगाने काटक, जिभेने फटकळ आणि कौलाच्या बाबतीत सुतासारखा सरळ. देवीच्या दोन्ही खांद्यांवर तो ओली फुलं चिकटवी. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. जे पडेल ते सांगे, मग विचारणारा रडो की हसो.

म्युनिसिपालटीची निवडणूक आली. घरपट्टी भरत असल्याने विश्रामलाही मत होतं. एकीकडे देवळाचे पंच हरिहरपंत वकील. दुसरीकडे पलटणीतून निवृत्त झालेले, ज्यू धर्माचे बेने इस्रायल सुभेदार, एलोजी चेऊलकर. पटकीच्या साथीत आळीची विहीर साफ करायला एलोजी स्वतः आत उतरले होते. आणि पंत? ते कल्याणला सासुरवाडीत दार लावून बसले होते!

‘शनवार पाळणाऱ्याला मत दिलंत तर धर्म बुडाला,’ असं पंत दारोदार सांगत सुटले. तेवढ्याने भागेना म्हणून त्यांनी देवळात माणसं जमवून कौल मागितला, “देवी, माझ्या उमेदवारीला तुझा होकार आहे ना?”

उजवं फूल पडलं. “होकार,” विश्रामने खणखणीत सांगितलं. पंतांनी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी मामलेदारापुढे मत तोंडी सांगायचं होतं. विश्राम म्हणाला, “एलोजी चेऊलकर.”

निवडून पंतच आले, पण ते एक मत त्यांना झोंबलं. “देवीचा गुरव असून तिचा कौल मोडलास?”

“कौल तुम्ही मागितलात. विहिरीत कोण उतरलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. बघितलेलं देवीला कशाला विचारू?”

पंतांनी त्याच्याकडची पूजा काढून घ्यायचं ठरवलं. बायजाने, त्याच्या बायकोने, डोळ्याला पदर लावला. पोट त्या पूजेवरच होतं. पण चार पिढ्यांची पूजा देवीला विचारल्याशिवाय काढता येत नव्हती आणि फुलं लावायचा हक्क एकट्या विश्रामचा.

“हा लबाडी करील,” पंत म्हणाले.

“परवा तुमचा होकार यानंच सांगितला ना, पंत?” देवळात जमलेल्यांतली म्हातारी आवडाबाई कडाडली. “तवा पेढे बरे वाटलेत!”

विश्रामने आंघोळ केली, फुलं लावली आणि स्वतःच विचारलं, “आई, विश्रामला काढायचं का?”

डावं फूल पडलं.

“नकार,” विश्राम म्हणाला, परवाच्याच आवाजात.